मोटारीचा टायमिंग पट्टा : त्याची निगा व बदलण्याची रीत

शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जागी किंवा तिच्या जोडीला आता मोटार अथवा लहान मालवाहू गाडी उभी दिसते. मेहकर तालुक्यातील गावे पैनगंगेच्या काठची असोत की लोणारच्या वाटेवरची, सोयाबीन, तूर व हरभरा बाजार समितीत नेणे, खते व बियाणे आणणे, अडल्या वेळी आजारी माणसास बुलढाण्यास हलविणे, ही सर्व कामे या गाड्यांवर चालतात. बैलाची निगा कशी राखावी हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. ते ज्ञान त्याला वाडवडिलांकडून मिळालेले असते. मोटारीचे तसे नाही. तिचे तेल बदलणे, चाकात हवा भरणे इतके बहुतेक जण वेळेवर करतात. परंतु इंजिनाच्या बाजूला झाकणाआड एक दातेरी रबरी पट्टा फिरत असतो व तो ठराविक मुदतीत बदलावा लागतो, हे पुष्कळांना तो तुटल्यावरच कळते. त्या वेळी काही हजार रुपयांत भागणारे काम सबंध इंजिन उघडण्यावर जाते. हा पट्टा काय काम करतो, तो केव्हा बदलावा, आणि ज्याच्या हातात यंत्रकामाची सवय आहे त्याने तो घरी कसा बदलावा, याचे विवेचन या लेखात केले आहे.

पट्ट्याचे काम

विहिरीवर मोट चालत असे त्या काळी तिला दोन दोर असत. जाड नाडा मोटेच्या तोंडाला व बारीक सोंदूर तिच्या सोंडेला बांधलेला असे. या दोन दोरांच्या लांबीचे प्रमाण बरोबर असले म्हणजे मोट थारोळ्याशी येताच सोंड मोकळी होऊन पाणी नेमके थारोळ्यात पडे. प्रमाण चुकले तर पाणी विहिरीतच सांडे आणि बैलांची मेहनत वाया जाई. इंजिनातही असाच मेळ साधावा लागतो.

इंजिनाच्या नळकांड्यात पिस्टन खालीवर होत असतो व त्याच्या जोराने क्रँकशाफ्ट फिरतो. नळकांड्याच्या डोक्यावर झडपा असतात. काही झडपा ताजी हवा आत घेतात, काही जळालेला धूर बाहेर सोडतात. या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दुसरा दांडा करतो. पिस्टन वर येत असताना कोणती झडप मिटलेली असावी व तो खाली जात असताना कोणती उघडी असावी, याचा क्रम ठरलेला असतो. हा क्रम राखण्यासाठी क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच फेरा झाला पाहिजे. म्हणूनच कॅमशाफ्टच्या चक्रीला क्रँकशाफ्टच्या चक्रीच्या दुप्पट दाते असतात. या दोन चक्र्यांना बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे टायमिंग पट्टा होय. तो दातेरी असल्यामुळे घसरत नाही. पुष्कळ डिझेल इंजिनांत हाच पट्टा तेल फवारणारा पंपही फिरवितो, आणि कित्येक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही त्याच्यावरच चालतो.

या पट्ट्यावर किती श्रम पडतात हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, एक गाडी सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने ८०,००० किलोमीटर चालली आणि इंजिनाची गती मिनिटास सरासरी २,५०० फेरे होती. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास एक किलोमीटर. म्हणजे इंजिन ८०,००० मिनिटे चालले व क्रँकशाफ्टचे २० कोटी फेरे झाले. तेवढ्या काळात प्रत्येक झडप १० कोटी वेळा उघडली व मिटली. रबराच्या पट्ट्याने एवढे काम केल्यावर त्याला विश्रांती देणे हेच शहाणपणाचे.

पट्ट्याचा पूर्वेतिहास

दातेरी पट्ट्याची कल्पना मोटारीसाठी निघालेली नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात शिवणयंत्राची सुई व खालचा दोरा यांचा मेळ राखण्यासाठी असा पट्टा प्रथम तयार झाला. पुढे जर्मनीतील ग्लास या कारखान्याने आपल्या १००४ या मोटारीत १९६२ मध्ये तो बसविला. मोठ्या संख्येने बनविलेल्या मोटारींत झडपांसाठी रबरी दातेरी पट्टा वापरणारी ही पहिली मोटार मानली जाते. हा कारखाना मुळात शेतीची यंत्रे, विशेषतः पेरणीयंत्रे, बनविणारा होता, हे शेतकरी बंधूंना वाचून कौतुक वाटेल. लोखंडी साखळीपेक्षा पट्टा स्वस्त पडतो, आवाज कमी करतो व त्याला तेल लागत नाही. यामुळे त्याचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० या गाडीत हाच पट्टा होता, व पुढे १९९८ मध्ये आलेल्या इंडिका गाडीच्या डिझेल इंजिनातही तो होता. या जुन्या गाड्या खेड्यांतून आजही फिरताना दिसतात.

सर्वच इंजिनांत पट्टा असतो असे मात्र नाही. ट्रॅक्टर व विहिरीवरील डिझेल इंजिन यांत हे काम बहुधा लोखंडी दातेरी चाके करतात. बऱ्याच नव्या मोटारींत साखळी असते. यामुळे एक गैरसमज होतो. ट्रॅक्टरला वर्षानुवर्षे पट्टा बदलावा लागला नाही, मग मोटारीला तरी कशाला लागेल, असे मानले जाते. दुसरा गैरसमज असा की, इंजिनाच्या बाहेर दिसणारा, विजेचे यंत्र फिरविणारा पट्टा बदलला म्हणजे काम झाले. बाहेरचा पट्टा वेगळा व झाकणाआडचा टायमिंग पट्टा वेगळा. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहून प्रत्येक मालकाने निश्चित करून घ्यावे.

पट्टा तुटल्यास काय होते

पट्टा तुटताच कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी ज्या झडपा उघड्या असतील त्या उघड्याच राहतात. परंतु गाडीच्या वेगामुळे क्रँकशाफ्ट फिरतच असतो आणि पिस्टन वर येऊन उघड्या झडपांवर आदळतात. झडपा वाकतात, कधी पिस्टनला भोक पडते, कधी कॅमशाफ्टच मोडतो. काही थोड्या इंजिनांत झडप व पिस्टन यांच्यामध्ये पुरेशी जागा राखलेली असते, तेथे इंजिन नुसते बंद पडते. डिझेल इंजिनात मात्र हवा १५ ते २२ पट दाबावयाची असल्यामुळे पिस्टन अगदी वर आल्यावर जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. तेथे नुकसान टळणे कठीण.

खर्चाइतकीच माणसांच्या जिवाची गोष्टही येथे आहे. नागपूरहून येणारा समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा मार्गावर मोटारी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावतात. या वेगात इंजिन अचानक बंद पडले तर सुकाणू जड होते, आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन वेळा ब्रेक दाबल्यावर संपते. मागून येणाऱ्या मालमोटारीला समोरची गाडी एकाएकी मंदावल्याचे वेळेवर कळत नाही. असा प्रसंग आलाच तर चालकाने गोंधळून जाऊ नये. ब्रेक वारंवार दाबून सोडू नये, एकदाच घट्ट व सारखा दाबावा. दिवे लुकलुकते ठेवून गाडी कडेला घ्यावी, किल्ली काढून सुकाणू अडकवू नये, आणि इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. पहिल्या धक्क्यात वाचलेल्या झडपा या प्रयत्नात वाकतात.

पट्टा केव्हा बदलावा

पट्ट्याची मुदत किलोमीटर व वर्षे अशा दोन्ही मापांनी दिलेली असते. जी मुदत आधी संपेल ती खरी धरावी. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटर यांच्या दरम्यान आढळते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा, शेजाऱ्याच्या गाडीचा घेऊ नये. शेतकऱ्याची गाडी वर्षाकाठी थोडीच चालते. त्यामुळे किलोमीटर भरत नाहीत व मालक निश्चिंत राहतो. पण उभ्या गाडीतही रबर जुने होत असते. विदर्भाचा उन्हाळा, काळ्या मातीची धूळ आणि इंजिनातून पाझरणारे तेल ही तिन्ही पट्ट्याला मारक आहेत. तेल लागलेला पट्टा मुदतीची वाट न पाहता बदलावा व तेल कोठून पाझरते तेही शोधावे.

जुन्या जातीच्या रबराचा पट्टा झिजला म्हणजे त्यावर चिरा दिसत. नव्या जातीचे रबर अधिक चिवट असते. त्याला चिरा न पडताही आतील काचतंतूंचे दोर थकलेले असतात. म्हणून पट्टा दिसावयास चांगला आहे एवढ्यावरून तो चांगला आहे असे ठरवू नये. ज्याने जुनी गाडी विकत घेतली आहे व जिचा पट्टा केव्हा बदलला याची लेखी नोंद नाही, त्याने तो बदललाच नाही असे समजून चालावे. विकणाऱ्याचे तोंडी आश्वासन ही नोंद नव्हे.

घरी बदलावा काय

हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःस विचारावा. ज्याने पूर्वी विहिरीवरील इंजिन खोलून जोडले आहे, ज्याच्याजवळ चांगले पाने आहेत, ज्याला त्या गाडीची दुरुस्तीपुस्तिका मिळाली आहे व जो घाई करणार नाही, त्याला एक कॅमशाफ्ट असलेल्या साध्या जुन्या इंजिनाचे काम घरी जमण्यासारखे आहे. पहिल्या वेळी सबंध दिवस लागेल असे धरावे. मजुरी वाचते, आणि आपल्या गाडीची माहितीही होते.

परंतु पुढील बाबतींत काम कुशल कारागिराकडेच द्यावे. ज्या इंजिनाला दोन कॅमशाफ्ट आहेत व ते अडकवून ठेवण्यास खास खिळा अगर साचा लागतो. ज्याच्या चक्र्यांना बसण्याची खाच नसून त्या केवळ आवळून धरलेल्या असतात. ज्याचा पट्टा तेलातच फिरतो. ज्या गाडीची हमी अजून चालू आहे. आणि जी गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारास न्यावयाचीच आहे. घाईच्या कामात एक दाता चुकतो आणि वाचविलेल्या मजुरीच्या अनेकपट खर्च अंगावर येतो. कारागिराकडे काम दिले तरी खालील माहिती वाया जात नाही. काम बरोबर होत आहे की नाही हे मालकास पाहता येते.

लागणारे साहित्य

नवा पट्टा गाडीचे नाव, बनावटीचे वर्ष व इंजिनाचा क्रमांक सांगून विश्वासू दुकानातून घ्यावा. स्वस्त बनावट माल हा येथे सर्वांत महाग ठरतो. पट्ट्याबरोबर ताण देणारी चक्री, म्हणजे टेन्शनर, व वाटेतील मोकळी चक्री याही नव्या घ्याव्यात. यांच्या बेअरिंगचे आयुष्य पट्ट्याइतकेच असते. जुनी चक्री मध्येच अडकली तर नवा पट्टाही तुटतो. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही याच वेळी बदलणे फायद्याचे असते, कारण त्याच्यापर्यंत पोहोचण्यास पुन्हा एवढेच सर्व खोलावे लागते. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांची तेलरोधक कडी पाझरत असतील तर तीही आणावीत.

हत्यारांत पान्यांचा संच, लांब दांड्याचा पाना, किती जोराने आवळले हे दाखविणारा टॉर्क पाना, जॅक व गाडी पेलणाऱ्या दोन लोखंडी घोड्या, लाकडी ठोकळे, पांढरा रंग व बारीक कुंचला आणि स्वच्छ फडकी असावीत. नवा पट्टा वेष्टनातून काढल्यावर त्याला पीळ देऊ नये, तो मुडपू नये व उलटा करू नये. आतील काचतंतू तुटतात व वरून काही दिसत नाही.

कामाची रीत

१. गाडी सावलीत, सपाट व टणक जागी उभी करावी. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे. हातब्रेक लावून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड अगर ठोकळे लावावेत. बॅटरीचे ऋण टोक सोडावे व गाडीची किल्ली काम करणाऱ्याने आपल्या खिशात ठेवावी. लहान मुलांना दूर ठेवावे.

२. ज्या गाडीचे इंजिन आडवे बसविलेले असते तिचे पट्ट्याच्या बाजूचे पुढील चाक काढावे लागते. गाडी उचलून घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

३. बाहेरचे पट्टे सैल करून काढावेत. इंजिनाचा त्या बाजूचा आधार सोडावा लागत असेल तर आधी इंजिनाच्या तळाखाली लाकडी ठोकळा व जॅक देऊन त्याचे वजन पेलावे. प्रत्येक पायरीवर मोबाइल फोनने छायाचित्र घ्यावे. जोडताना त्याचा फार उपयोग होतो. काढलेले बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ताटलीत मांडावेत.

४. क्रँकशाफ्टच्या पुढील पुलीचा बोल्ट फार घट्ट असतो. इंजिन फिरू नये यासाठी पुस्तिकेत सांगितलेले साधन वापरावे. ते नसल्यास गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये घालून मदतनीसाने पायब्रेक घट्ट दाबून धरावा. स्टार्टरच्या झटक्याने बोल्ट सोडविण्याची युक्ती काही जण सांगतात. ती धोक्याची आहे. बोल्ट सैल झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये आणावी. पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढून घेतले म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. त्यांच्या भोकांत कचरा पडू देऊ नये.

५. वरचे झाकण काढून कॅमशाफ्टच्या चक्रीवरील खूण पाहावी. क्रँकशाफ्टच्या बोल्टवर पाना लावून इंजिन चालते त्याच दिशेने सावकाश फिरवावे. ही दिशा बहुतेक गाड्यांत पुलीकडून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे असते, काही गाड्यांत उलट असते. कॅमशाफ्टच्या बोल्टवर पाना लावून इंजिन कधीही फिरवू नये. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या खुणा आपापल्या ठिकाणच्या स्थिर खुणांशी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. क्रँकशाफ्टची खूण जुळली व कॅमशाफ्टची समोरच्या बाजूस गेली असे दिसले तर घाबरू नये, क्रँकशाफ्टचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. डिझेल इंजिनात तेलाच्या पंपाची चक्री या पट्ट्यावर असेल तर तिचीही खूण जुळवावी.

६. आता पुली व खालचे झाकण काढावे. बाहेरच्या पुलीवरील खूण व आतल्या दातेरी चक्रीवरील खूण या वेगळ्या असतात. पट्ट्यासाठी पुस्तिकेत सांगितलेली आतली खूण धरावी. तीन्ही खुणा पांढऱ्या रंगाने ठळक कराव्यात. जुन्या पट्ट्यावरही त्याच जागी ठिपके द्यावेत व एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत किती दाते आहेत ते मोजून लिहून ठेवावे.

७. टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढावा. या क्षणापासून नवा पट्टा बसेपर्यंत क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना मुळीच फिरवू नये. जुना व नवा पट्टा शेजारी ठेवून रुंदी, दात्यांचा आकार व एकूण दाते ताडून पाहावेत. एका दात्याचा फरक असला तरी तो पट्टा परत करावा.

८. चक्र्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. तेलाचा ओलावा, पाण्याच्या पंपाखालचे डाग, बेअरिंगचा खरखरीतपणा हे सर्व पाहून घ्यावे. नवे टेन्शनर व मोकळी चक्री बसवावी.

९. नव्या पट्ट्यावर बाण असेल तर तो इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. पट्टा प्रथम क्रँकशाफ्टच्या चक्रीवर चढवावा आणि टेन्शनर नसलेल्या बाजूने तो ताठ ठेवीत वर न्यावा. सैलपणा जो काही राहील तो टेन्शनरच्या बाजूसच राहिला पाहिजे. पट्टा पेचकसाने रेटून चढवू नये. नंतर खुणा व दाते पुन्हा मोजावेत.

१०. ताण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच द्यावा. पट्टा सैल राहिला तर दाता उडी मारतो. फार ताणला तर तो घरघर वाजतो व बेअरिंग लवकर निकामी होते.

हाताने फिरवून चाचणी

सर्व कामात ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांनंतर सर्व खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. फिरविताना दाबाचा सारखा विरोध जाणवेल, त्याची चिंता नाही. परंतु पाना एकदम टणक अडला तर तेथेच थांबावे. झडप पिस्टनला टेकल्याचे ते लक्षण आहे. जोर न लावता खुणा पुन्हा तपासाव्यात. हाताने टेकलेली झडप बहुधा वाचते. तोच टेकाव स्टार्टरने झाला तर ती वाकते.

एका दात्याची चूक लहान वाटते. पण समजा, क्रँकशाफ्टच्या चक्रीला २० दाते आहेत. मग एक दाता म्हणजे क्रँकशाफ्टचे १८ अंश होतात. एवढ्या फरकाने इंजिन कमी ओढते, तेल जास्त खाते व धूर सोडते, आणि दोनतीन दात्यांच्या चुकीत झडपा आदळण्याची भीती असते. म्हणून खुणांत फरक दिसल्यास पट्टा पुन्हा काढून बसवावा. यात कमीपणा मानू नये.

दोन फेऱ्यांनंतर ताण पुन्हा पाहावा. मग झाकणे, पुली, आधार व बाहेरचे पट्टे उलट क्रमाने जोडावेत. प्रत्येक बोल्ट पुस्तिकेतील मापानेच टॉर्क पान्याने आवळावा. पुलीचा बोल्ट एकदाच वापरावयाचा असेल तर नवा घालावा. पाण्याचा पंप बदलला असल्यास थंडावा देणारे द्रव भरून आत अडकलेली हवा काढावी. बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे व काही मिनिटे मंद गतीने चालवून कान द्यावा. शिटीसारखा किंवा घासल्याचा आवाज आल्यास इंजिन लगेच बंद करावे.

टाकाऊ द्रवाची विल्हेवाट

ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत द्रवात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते व अतिशय विषारी असते. गोठ्याजवळ किंवा अंगणात सांडलेले हे द्रव जनावर, कुत्रे अथवा लहान मूल पिऊ शकते व थोड्या मात्रेतही मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. म्हणून ते पसरट भांड्यात धरून लगेच झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर ‘विष’ असे लिहावे व गाडीदुरुस्तीच्या दुकानात जमा करावे. विहिरीच्या, नाल्याच्या अगर पैनगंगेच्या पात्राच्या आसपास ते ओतू नये. सांडलेल्या जागी भरपूर माती टाकून ती माती उचलून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

पट्टा बदलण्याचे काम प्रत्येकाला आलेच पाहिजे असे नाही. पण पट्ट्याची मुदत प्रत्येक वाहनमालकाला ठाऊक असलीच पाहिजे. कार्यकर्त्याने आपल्या गावातील मोटारी व मालवाहू गाड्यांची यादी करावी आणि पुढील चार गोष्टी प्रत्येकीपुढे लिहून घ्याव्यात : इंजिनात पट्टा आहे की साखळी, पट्टा शेवटी कोणत्या तारखेस व किती किलोमीटरला बदलला, पुढील मुदत केव्हा येते, आणि नोंद लेखी आहे की तोंडी. ज्यांची मुदत जवळ आली असेल त्यांना हंगामापूर्वी सांगावे. सोयाबीनची काढणी सुरू झाल्यावर गाडीला एक दिवसाचीही उसंत नसते. म्हणून पेरणी आटोपल्यानंतर काढणी सुरू होईपर्यंतचा काळ या कामास योग्य होय.

जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशकांना अगर एखाद्या अनुभवी कारागिराला गावात बोलावून एका गाडीवर प्रात्यक्षिक घडवून आणता आले तर फार चांगले. त्या वेळी बदललेला जुना पट्टा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत टांगून ठेवावा. हातात घेऊन पाहिलेली वस्तू वाचलेल्या दहा ओळींपेक्षा अधिक काळ ध्यानात राहते.

काम पूर्ण होताच तारीख, किलोमीटर व पट्ट्याचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती इंजिनाच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवावी व तीच नोंद घरच्या वहीत करावी. ही चिठ्ठी पुढील मालकाच्याही उपयोगी पडते.

ध्यानात ठेवावे

पट्टा दिसावयास चांगला असला तरी मुदत संपताच बदलावा. पट्ट्याबरोबर टेन्शनर बदलावे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. खुणा जुळविल्याशिवाय जुना पट्टा काढू नये. हाताने दोन फेरे फिरविल्याशिवाय स्टार्टर मारू नये. टाकाऊ द्रव जनावरांच्या वाटेत ठेवू नये. आणि शंका आली तर तेथेच थांबून जाणत्यास विचारावे. पेरणीच्या वेळी एका चाड्यातून बी पडेनासे झाले तर जाणता शेतकरी तिफण तेथेच थांबवितो, तास पुरा करीत बसत नाही. इंजिनाच्या बाबतीतही हाच नियम पाळावा.